ग्लेनिसच्या मांडीवरचा केक

लिंडसे पास्कोनं अडतीस वर्षं कौन्सिलचं ग्रेडर चालवलं. मातीचे रस्ते खरवडून सपाट करायचं ते धूड ताशी आठ किलोमीटरच्या वर जात नाही, आणि लिंडसेही कधी गेला नाही. निवृत्त झाल्यावरही घाई म्हणजे काय हे त्या गृहस्थाला उमगलं नाही ते नाहीच. त्याला नाद दोनच. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करायचा, आणि कुठं चार माणसं उभी दिसली की आपण पाचवं होऊन उभं राहायचं. ब्रेड आणायला पाठवावं तर हा दीड तासानं परत येणार. ब्रेड विसरलेला असणार, पण बेकरीवालीच्या मेव्हण्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची साग्रसंगीत हकिकत मात्र सोबत आणणार.

असा माणूस बायकोला घेऊन गाडीनं चारशे किलोमीटर निघाला, तर किती दिवस लागावेत? चार दिवस लागले, आणि दोष एकट्या लिंडसेचा नव्हता. ग्लेनिसच्या मांडीवर केक होता.

हा केक म्हणजे साधासुधा नव्हे. मनुका, बेदाणे, संत्र्याची साल घातलेला, जुलैत भाजलेला आणि तीन महिने ब्रँडी पाजून कपाटात निजवलेला. यारबूलच्या कृषी प्रदर्शनात तो मांडायचा होता. गेली अकरा वर्षं ग्लेनिस तिथं दुसरी येत होती आणि मॉरीन डफ पहिली. अकरा वर्षं! मॉरीन दरवर्षी जवळ येऊन म्हणायची, "तुझाही छान झालाय हं, राणी." त्या 'राणी'पायी ग्लेनिसची आठ-आठ दिवस झोप उडायची. यंदा पहिल्या नंबराची निळी फीत मिळाली नाही तर ओव्हनच विकून टाकीन, असं तिनं जाहीर केलं होतं आणि ती बोलल्याप्रमाणे करणाऱ्यांतली होती. शुक्रवारी सकाळी नऊच्या आत केक तिथं पोचायला हवा होता. अख्खा, न कापलेला, पृष्ठभागावर एक ओरखडासुद्धा नसलेला.

"सत्तरच्या वर जायचं नाही," ग्लेनिसनं निघतानाच बजावलं.

"मी कधी गेलोय का?" लिंडसे खूश होऊन म्हणाला.

मागं गव्हाच्या ट्रकांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे, आणि पुढं कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची झोपायची खोली, ओढत लिंडसे निवांत. गाव आलं की थांबायचंच. इथं खिमा भरलेला 'पाय' नावाचा पॅटिस खा, तिथं धान्याच्या कोठारावर रंगवलेलं मेंढीचं चित्र बघ, पुढच्या गावी युद्धस्मारकावरची नावं वाच आणि त्यातल्या एखाद्याचा पुतण्या अजून इथं राहतो का म्हणून दुकानात चौकशी कर. ग्लेनिस गाडीतून उतरली की केक तिच्या सीटवर बसायचा, पट्टा लावून.

"मला कधी पट्टा लावलास का असा?" लिंडसेनं एकदा विचारलं.

"तुला ओरखडा पडला तर कोण बघतंय?"

गुरुवारी दुपारी दोघं मुरनाक नावाच्या गावात पोचली. यारबूल तिथून तासाभरावर. प्रदर्शनाला जायचं म्हणून ग्लेनिस केस सेट करायला केशकर्तनालयात शिरली. जाताना गाडीच्या किल्ल्या नवऱ्याच्या हातात देऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "लिंडसे. गाडीतून. हलायचं. नाही."

लिंडसे बारा मिनिटं हलला नाही. त्याच्या मानानं हा विक्रमच. मग समोरच्या सार्वजनिक हॉलपाशी त्याला तीसेक गाड्या दिसल्या. दारात बायका झाकलेल्या ताटल्या घेऊन आत जात होत्या आणि आतून चहाचा वास येत होता. आता तुम्हीच सांगा, हा माणूस बसून राहील का?

दारात एका उंच बाईनं त्याचं "या, या," करून स्वागत केलं, आणि मग तिची नजर त्याच्या रिकाम्या हातांवर गेली. नुसतं बघितलं. पण आमच्याकडं हॉलमधल्या चहाला रिकाम्या हातानं जाण्यापेक्षा विजार न घालता गेलेलं परवडतं. लिंडसेचे कान लाल झाले.

"गाडीत राहिलं," तो पुटपुटला. "आत्ता घेऊन येतो."

गाडीत दोन डबे होते. एका डब्यात वाटेत खायला म्हणून ग्लेनिसनं दिलेले लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्याचे चौकोनी केक. लिंडसेनं झाकण उघडलं. आत नुसता कीस. शेवटचे चार त्यानं सकाळीच, पेट्रोल पंपाच्या मागं उभं राहून, गुपचूप हाणले होते. दुसरा डबा पट्टा लावून सीटवर बसला होता.

लिंडसे पाच मिनिटं त्याच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या सुपीक डोक्यात कल्पना आली. डबा न्यायचा, टेबलावर अगदी मागं ठेवायचा, झाकण उघडायचंच नाही, आणि एक कप चहा घेऊन सगळ्यांसमोर परत आणायचा. दिसण्याशी कारण! दारातल्या बाईचं समाधान होईल, केकला धक्का लागणार नाही. त्यानं पट्टा सोडवला.

आत गेल्यावर त्याला कळलं की हे कुणाच्या तरी अंत्यविधीनंतरचं चहापान आहे. भिंतीवर नेव्हिल नावाच्या चष्मेवाल्या म्हाताऱ्याचा फोटो, खाली लिलीची फुलं. डबा त्यानं मागं ठेवला, वर आपली टोपी ठेवली आणि एक कप चहा घेऊन डब्यासकट सटकणारच होता, तेवढ्यात एक टकले काका गळ्यात पडले.

"नेव्हचा मित्र ना गड्या तू? लांबून आलेला दिसतोस. ये, दोन शब्द बोल."

"नाही नाही, मी आपला..."

"अरे लाजतोस काय! नेव्ह तरी कुठं बोलका होता?"

बोलायला सांगितलं आणि लिंडसे बोलला नाही, असं आजवर घडलेलं नाही. तो उभा राहिला. घसा खाकरला. खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला लागू पडेल असं त्याला वाटलं, तेवढंच तो बोलला. "नेव्हिलची आणि माझी ओळख रस्त्यावरची. मी ग्रेडरवर, तो गाडीत. पण समोरून आला की बोट उचलल्याशिवाय कधी गेला नाही." मग काय, गाडी उताराला लागली. रस्ते, खड्डे, धुळीची वादळं, सन ब्याऐंशीत रुतलेला ट्रॅक्टर, सगळं आलं. लोक माना डोलवत होते.

आणि मागं, टेबलापाशी, त्या उंच बाईनं टोपी बाजूला केली, डबा उघडला, आणि "अगंबाई, काय देखणा!" म्हणत सुरी चालवली. लिंडसेला दिसत होतं. ओरडावंसं वाटत होतं. पण समोर नेव्हिलची बायको बसली होती, आणि अंत्यविधीच्या भाषणात मध्येच "केक सोडा!" असं कसं ओरडणार? त्याचा आवाज चिरकला. लोकांना वाटलं, बिचारा हळवा झाला. दोघी-तिघींनी रुमाल काढले.

तो खाली बसला तेव्हा नेव्हिलची बायको, आयव्ही, त्याच्याकडं बघत होती.

"नेव्हिलनं जन्मात कुणाला बोट उचललं नाही," ती म्हणाली. "दोन्ही हात स्टिअरिंगवर. माझ्या आईला सुद्धा नाही!" आणि ती हसायला लागली. इतकी हसली की टकले काका पाणी आणायला धावले. हसता हसता तिनं समोरच्या बशीतला केक उचलला आणि खाल्ला. मग दुसरा तुकडा घेतला. तिची मुलगी हळूच म्हणाली, "चार दिवसांत आईनं पहिल्यांदा काही खाल्लंय."

ग्लेनिस नेमकी तेव्हा दारात उभी होती. केस सेट केलेले, सीटवरचा रिकामा पट्टा बघून धावत आलेली, तोंड किंचाळायच्या बेतात उघडलेलं. तिनं डबा पाहिला. चाळीस लोक चावत होते. मग तिनं आयव्हीला पाहिलं, मुलीचं बोलणं ऐकलं, आणि तोंड मिटलं.

"कुणी केलाय हा?" आयव्हीनं विचारलं.

"मी," ग्लेनिस म्हणाली. "अजून घ्या." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बायकांबरोबर सगळ्या कपबशा विसळून आली.

गाडीनं मुरनाक वीस किलोमीटर मागं टाकलं. लिंडसेनं समोरून येणाऱ्या तीन गाड्यांना बोटसुद्धा उचललं नाही, म्हणजे बघा.

"उरला का काही?" शेवटी ग्लेनिसनं विचारलं.

"भुगासुद्धा नाही. काका ओल्या बोटानं डबा पुसत होते."

"प्रदर्शनात परीक्षक नखाएवढा चाखतात. उरलेला काचेत ठेवतात, मग डुकरांना जातो." ती बाहेर बघत होती. "अकरा वर्षं. माझा केक आज पहिल्यांदा माणसांनी खाल्ला, लिंडसे." तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"मी चुकलो, ग्लेन. गाढव आहे मी."

"आहेसच. थांबव गाडी."

त्यानं घाबरत कडेला घेतली. तिनं पर्समधून कागदी रुमालाची पुरचुंडी काढली. आत एक तुकडा होता. "कपबशा विसळायला जाताना एवढा वाचवला. तू काकांशी बोलतच बसला होतास. खा. आणि खरं सांग, कसा झालाय? मला काय कळणार, मला मनुका जन्मात आवडल्या नाहीत."

लिंडसेनं घास घेतला. सावकाश चावला. त्याचा वेग तुम्हाला माहीत आहेच.

"मस्त आहे," तो म्हणाला. "जायफळ मात्र जरा जास्त झालंय."

ग्लेनिस उसळली. "अकरा वर्षं हेच माप घालतेय मी! बोलला का नाहीस?"

"चाखू कधी दिलास? कापलेला चालत नाही म्हणायचीस."

मागून एक गव्हाचा ट्रक हॉर्न वाजवत गेला. ग्लेनिसनं लिंडसेच्या हनुवटीवरचा भुगा झटकला.

"पुढच्या वर्षी दोन करीन," ती म्हणाली.