पाइपची तंबाखू आणि यशोदाकाकींचा तवा

दिनकरकाकांनी पाइपचा एकच झुरका घेतला आणि ओसरीच्या खांबाला धरून ते खोकत खाली बसले. खोकला थांबेना. डोळ्यांतून पाणी, चेहरा पांढराफटक. कोणी पाणी आणलं, कोणी पाठ चोळायला लागलं. मॉनिटरसमोर बसलेल्या ऋचा मॅडमनी, म्हणजे आमच्या डायरेक्टरनी, हेडफोन काढला आणि माझ्याकडे बघितलं. सेटवर काहीही बिनसलं की सगळे आधी माझ्याकडेच बघतात, कारण बिनसलेली वस्तू बहुतेक वेळा मीच आणलेली असते.

मी प्रॉपर्टीवाला. शूटिंगच्या भाषेत नटाच्या हातात, टेबलावर, भिंतीवर जे जे दिसतं ती प्रॉपर्टी. चष्मा, छत्री, देवघरातली घंटा, सगळं माझ्याकडे. आयुष्य यातच गेलं. एका वेब सिरीजचं काम मुरबाडच्या पुढे, म्हशाच्या रस्त्याला एका जुन्या बंगल्यात चाललं होतं. मी मूळचा शहापूर तालुक्यातला, किन्हवलीचा. म्हणजे युनिटच्या हिशोबाने मी 'लोकल माणूस'. कोंबडी पाहिजे, मोरूदादा. गवताचा भारा पाहिजे, मोरूदादा. आणि पाइपमध्ये भरायला तंबाखू पाहिजे, तीही मोरूदादाच.

ती पहिली तंबाखू मात्र माझी नव्हती. ती प्रोडक्शन मॅनेजर सावंतची. प्रोडक्शन मॅनेजर म्हणजे ज्याच्या खिशातून पैसे निघतात आणि निघताना ज्याला वेदना होतात असा माणूस. सावंतचं म्हणणं, तंबाखू ती तंबाखू, बाजारातून विडीची सुट्टी आण आणि भर. एरवी आम्ही नटांना बिनतंबाखूची हर्बल सिगारेट देतो. तीच फोडून पाइपमध्ये भरून बघितली, तर दोन झुरक्यांत विझायची. मग मुरबाडच्या बाजारातून विडीची आणली. विडीची तंबाखू म्हणजे जहाल प्रकरण. आमच्याकडचा पट्टीचा विडीबाजसुद्धा ती पाइपभर ओढणार नाही. काकांनी तर जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं, आणि शिकवायला कोणी नाही म्हणून त्यांनी धूर सरळ छातीत ओढला.

मॅडमनी पॅकअप केलं आणि आम्हाला दोघांना बाजूला घेतलं. मॅडम वयाने लहान, पण बोलणं रोखठोक. म्हणाल्या, "काका, तुमच्या तब्येतीशी मी खेळणार नाही. उद्या बंगल्यातला शेवटचा दिवस, दुपारी हाच सीन. आधीच्या सगळ्या सीनमध्ये तुमच्या हातात नुसता पाइप आहे, त्यामुळे तो काढता येत नाही, आणि या सीनमध्ये तो पेटलेला पाहिजेच. उद्या जमलं तर ठीक. नाही तर हा मोनोलॉग मी सिरीजमधल्या तुमच्या सुनेच्या तोंडी देते. तुम्ही नुसते खुर्चीत बसा."

काका हसून 'बरं' म्हणाले. नट माणूस, हसणं जमतंच.

पण संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले. अख्खी हयात नाटकात काढलेला माणूस. गेली काही वर्षं सिरियलमध्ये कोणाचे ना कोणाचे सासरे होऊन 'सूनबाई, चहा' एवढंच बोलत होते. या सिरीजमध्ये त्यांना रिटायर झालेल्या फॉरेस्ट ऑफिसरचं काम होतं आणि शेवटी एक लांबलचक मोनोलॉग. तो पाठ करत पहाटे शेताच्या बांधावरून फिरताना मी त्यांना रोज बघत होतो. ते म्हणाले, "मोरू, खुर्चीत नुसतं बसायला मला घरीही जागा आहे रे. हे एवढं मला करू दे. मला पाइप शिकव."

आता मी काय शिकवणार, कपाळ? मी स्वतः कधी पाइप ओढला नाही. पण मी खिशातून फोन काढला. म्हटलं, काका, बघू या.

मुंबईतल्या एका जुन्या तंबाखूच्या दुकानाचा नंबर माझ्याकडे होता. फोन लावला. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, बजेट काय? मी म्हटलं, बजेटं तीन आहेत. मॅनेजरचं शून्य, मॅडमचं भरपूर, आणि खरं किती पाहिजे ते तुम्हीच सांगा. तो बराच वेळ हसला आणि मग त्याने मला समजावलं. अगदी स्वस्तात मिळते ती तंबाखू कडक, घसा फाडते. खूप महागातले परदेशी डबे असतात, त्यांतल्या काहींत व्हॅनिला नाही तर चेरीचा वास भरलेला असतो. शेजारी बसलेल्याला छान वाटतं, पण ती ओली असते, आणि नवखा माणूस ओली तंबाखू विझू नये म्हणून भसाभसा ओढतो आणि जीभ भाजून घेतो. नवख्याने मधली घ्यावी. साधी, बिनवासाची, थोडीच घ्यावी. धूर तोंडातच ठेवून सोडावा, छातीत घेऊ नये. शेवटी म्हणाला, खरं तर शिकूच नये, पण दुकानात बसून मी हे कसं सांगणार?

मी हे सगळं मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, मोठा क्लोजअप आहे, रिस्क नको, सगळ्यात महाग आणि वासाचीच आणा, काका पाइप घेऊन आले की सेटवर माहोल झाला पाहिजे. कॅमेऱ्याला वास येत नाही, हे मी बोललो नाही. मोठ्या माणसांना काही गोष्टी आपण सांगायच्या नसतात.

प्रॉपर्टीचा एक नियम आहे, प्रत्येक वस्तू डबल. नटाला चष्मा द्यायचा तर तसाच दुसरा खिशात ठेवायचा, कारण पहिला फुटणार हे ठरलेलं असतं. म्हणून मी सावंतला म्हटलं, महागाची येऊ दे, पण सोबत ती मधली पण मागव. सावंत उखडला. एकाच तोंडाला दोन डबे कशाला, म्हणाला. तेव्हा काकांनी गुपचूप आपल्या खिशातून नोट काढून माझ्या हातात कोंबली. कोणाला बोलू नकोस, म्हणाले. कपडे आणायला गाडी मुंबईला गेलीच होती, तिच्यातून रात्री दोन्ही डबे आले. मॅडमचा सोनेरी झाकणाचा, काकांचा साधा पत्र्याचा.

सकाळी सोनेरी डबा उघडला. वास असा की जणू केकचं दुकान. हात लावला तर तंबाखू चिकट, ओली. काकांनी थोडी ओढून बघितली. छातीत घेतली नाही, पण जीभ भाजलीच. गरम चहाने भाजते तशी. दुकानदार बोलला होता तेच झालं. मग मी ठरवलं, वाळवू. पण थंडीचे दिवस, डोंगराच्या पायथ्याला धुकं, ऊन वर यायला अजून अवकाश. आणि मला सेट लावायचा होता.

स्वयंपाकघरात यशोदाकाकी होत्या. त्या आणि त्यांचे यजमान बंगला सांभाळतात. बाई कामाला वाघ. मी डबा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "काकी, ही तंबाखू ओली हाय. तव्यावर जरा सुकवून ठेवा." त्या म्हणाल्या, ठेवते रे, तू जा. मी निर्धास्त गेलो.

थोड्या वेळाने लाइटवाला शिंकला. मग कॅमेरावाला. मग अख्खं युनिट शिंकायला लागलं. घसा खवखवणारा धूर आणि त्यात जळक्या व्हॅनिलाचा वास. मी धावत आत गेलो, तर तवा चुलीवरून उतरलेला, तंबाखू काळीठिक्कर, आणि काकी ती तळहाताने चुरून बारीक करत होत्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागातल्या बऱ्याच बायका तंबाखू तव्यावर भाजून, तिची पूड करून दातांना लावतात. तिला मशेरी म्हणतात. काकींच्या घरात तंबाखू तव्यावर चढायची ती याच एका कामासाठी. मी मात्र तंबाखू आणि तवा एकत्र दिला आणि वर 'जरा' म्हणून निघून गेलो.

"काकी, हे काय केलंत?"

"का रे? नीट भाजली ना? नाय भाजली तर तोंडाला लावनार कशी?"

मी तवा पुढे ओढून बघितला. मॅडमचा सबंध डबा, एक चिमूटसुद्धा न उरता, मशेरी झाला होता. बाहेरून मॅडमचा आवाज आला, कसला धूर आहे? मी ओरडलो, काही नाही मॅडम, ठेच्यासाठी मिरच्या भाजतायत. काकींनी माझ्याकडे रागाने बघितलं, आयुष्यात त्यांच्या मिरच्या कधी जळल्या नव्हत्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं. मोनोलॉग, काका, सूनबाईच्या तोंडी जाणारे संवाद, सगळं. त्यांनी हातातली पूड खाली ठेवली. म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाचा घास गेला रे माझ्या हातून.

गेला नव्हता. पत्र्याचा डबा माझ्या पेटीत होता.

तोवर ऊन आलं होतं. काकींनी स्वतः सूप धुतलं, पुसलं, त्यात कागद अंथरला आणि त्यावर काकांची तंबाखू पसरली. मग कोंबड्या हाकलत शेजारीच बसून राहिल्या. चुलीकडे कोणाला जाऊ दिलं नाही. दुकानदाराने खूण सांगितली होती, चिमटीत दाबून सोडायची, गोळा होऊन राहिली तर ओली, मोकळी झाली तर तयार. मोकळी झाली. मी ती सोनेरी डब्यात भरली, कारण मॅडमनी टेबलावर तो डबा मांडायला सांगितला होता.

काका आणि मी बंगल्यामागे बसलो आणि दुकानदाराने फोनवर सांगितलेलं मी त्यांना दाखवलं. पाइप तळाशी हलक्या हाताने भरायचा, वर थोडा दाबून. पहिल्यांदा पेटवायचा तो नुसता वरचा थर करपायला. तो विझतोच. मग बोटाने नाही, दाबणीने, म्हणजे पाइपसोबतच्या चपट्या टोकाच्या छोट्या दांडीने, हलकं बसवून पुन्हा पेटवायचा. ओढायचा कसा, तर बशीतला चहा फुरकतो त्याच्याही निम्म्या जोराने. विझला तर विझू द्यायचा. काकांनी केलं. खोकला आला नाही. जीभ भाजली नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मोरू, हे तर काहीच नाही रे." मला एवढं हायसं वाटलं की मी चक्क त्यांच्या पाया पडलो.

दुपारी शॉट लागला. काकांनी सुरुवात केली. सागाची झाडं, बदल्या, बायकोला दिलेला आणि न पाळलेला शब्द. अर्ध्यावर, नेमक्या बायकोच्या वाक्यावर, पाइप विझला. मी मनात म्हटलं, संपलं सगळं. मॅडमचा हात 'कट' म्हणायला वर गेलेला मी बघितला. पण काका थांबले ते थांबलेच. खिशातून काडेपेटी काढली. काडी ओढली. सावकाश पाइप पेटवला, एक झुरका घेतला, धूर सोडला आणि त्या धुराकडे बघत वाक्य पूर्ण केलं. मॅडमचा हात तसाच हवेत राहिला.

शेवटी 'ओके' आलं तेव्हा टाळ्या वाजल्या. मॅडमनी डोळे पुसले. मला म्हणाल्या, तो पॉज बघितलात दादा? केवढा विचार केलाय त्यांनी. मी मान डोलावली. मग त्या सावंतकडे वळल्या आणि टेबलावरचा सोनेरी डबा दाखवत म्हणाल्या, "बघितलंत? चांगल्या वस्तूला पैसे मोजावेच लागतात."

सावंत बिचारा खाली मान घालून उभा. काकांनी मला डोळा मारला. मग पाइप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ठेव बाबा तुझं हे लफडं, माझ्या जन्माचा कोटा झाला.

सामान गाडीत चढवताना मी काकींचा निरोप घ्यायला गेलो. त्यांच्या कनवटीला मशेरीची डबी होती. मी म्हटलं, काकी, सोडा ती मशेरी, वाईट असते. त्या म्हणाल्या, दात सोडतील तवा मी सोडीन. मग मीच विचारलं, ती आमची महागाची कशी निघाली? त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं.

"गोड हाय नुसती. दम नाय तिच्यात. पुढच्या टायमाला आमची बाजाराची घेऊन जा."

तेव्हापासून मी तंबाखू विकत घेताना किंमत विचारत नाही. ती कोणाच्या चुलीजवळ ठेवायची आहे ते आधी बघतो, आणि डबे दोन घेतो.