आडवी गाडी

माझी शेजारीण इंगा हिला चोपन्नाव्या वर्षी पहिली मोटारसायकल घ्यायची होती, आणि तीही क्रूझर, ठेंगण्या सीटची पण जड. "बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतात," एवढंच तिचं कारण. इथे अमेरिकेत, आमच्या डकोटात गाडी घेणारे आधी इंजिनाचा आवाज ऐकतात. इंगा मात्र प्रत्येक मालकाला एकच विचारायची, "गाडी गवतावर आडवी घालू का?"

सहा जणांनी आम्हाला वाटेला लावलं. मी वैतागले होते, पण हिला हवंय तरी काय, ते कळेना म्हणून सोबत जात राहिले.

सातवा हार्लन, सत्तरीचा. "आडवी कशाला, बाई?"

"पडली तर एकटीला उचलता येते का, ते बघायचंय."

मग त्यानं स्वतःच गाडी हळूच गवतावर टेकवली.

इंगा तीस वर्षं वृद्धाश्रमात पडलेल्या म्हाताऱ्यांना उठवतेय. ती गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसली, हात मागे नेऊन हँडल धरलं आणि पायांवर जोर देत मागे सरकत गेली. गाडी उभी.

"परत दाखव," हार्लन म्हणाला.

तिनं दाखवलं. मग त्यानं स्वतः करून पाहिलं. तिसऱ्या खेपेला गाडी उचलली गेली.

"मागच्या वर्षी रस्त्यात पडली होती," तो धापा टाकत म्हणाला. "कुणी येईपर्यंत तासभर बसून होतो. त्याच दिवशी विकायचं ठरवलं."

त्यानं किल्ली खिशात टाकली आणि आमच्यासाठी कॉफी ठेवायला आत गेला.

इंगानं गुडघ्यावरचं गवत झटकलं. "कॉफी पिऊ," ती म्हणाली, "मग आठवी बघायला जाऊ."