क्षेपणास्त्रं कापणारा शिंपी

कारखान्यात त्याला सगळे शिंपी म्हणायचे. कापायच्या आधी तो खडूने रेघ आखायचा आणि एक डोळा मिटून ती सरळ आलीय का बघायचा, म्हणून हे नाव पडलं. ते इतकं रुळलं, की एकदा कॅन्टीनमध्ये नव्या कामगाराने खरोखरच त्याच्यापुढे पँट ठेवली आणि म्हणाला, "दोन बोटं कमी करून द्या." शिंपी कापायचा मात्र क्षेपणास्त्रं.

शेजारच्या देशाशी करार झाला होता. ठरलेली क्षेपणास्त्रं दोघांनीही मोडायची आणि एकमेकांची माणसं येऊन खात्री करणार. स्फोटकं आणि इंधन आधीच काढलेलं असायचं. शिंप्याच्या शेडमध्ये यायची ती नुसती रिकामी नळकांडी. गॅस कटरने तो त्यांचे तुकडे करायचा. समोरच्या देशाचा तपासनीस, जाडजूड, बारमाही सर्दीचा, खुर्ची टाकून बघत बसायचा. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. पण शेवटचा तुकडा खाली पडला की तपासनीस नाक पुसून अंगठा वर करायचा. त्या दिवशी शिंपी घरी खुशीत यायचा.

मग करार मोडला. आधी कोणी मोडला यावर टीव्हीवर भांडणं सुरू झाली. तपासनीस यायचा बंद झाला, शेडला कुलूप लागलं आणि शिंप्याला स्टोअरमध्ये सामान वाटायला बसवलं.

"पुन्हा बोलणी होतील," तो बायकोला सांगायचा.

बोलणी ठरलीही होती. पण ती कुठे बसून करायची, यावरच फिसकटली. ते ऐकून शिंप्याने टीव्ही बंद केला आणि तो जेवला नाही.

एक दिवस शेडला रंग लागला. साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. "शेड चालू होतेय. तुम्ही परत या."

"कापायला?"

"जोडायला."

"साहेब, इतकी वर्षं जे कापलं, तेच परत जोडू?"

"तेच नाही हो. हे जास्त लांब जातं."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. शिंप्याची अडचण तेवढीच आहे, असं त्याला मनापासून वाटलं होतं. "आणि तिकडचेही बनवताहेतच की," त्याने पुस्ती जोडली.

"तिकडचा साहेबही हेच सांगत असणार," शिंपी म्हणाला. त्याने नोकरी सोडली आणि पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कामाला लागला.

त्याच्या मुलीने वेल्डिंगचं शिक्षण घेतलं होतं. त्याच्या जुन्या कारखान्याने जाहिरात दिली, तिने अर्ज केला आणि तिची निवडही झाली. हे त्याला जेवताना कळलं, तेही बायकोकडून. तो तिला खूप बोलला. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात, म्हणून एक तरी कमी बनणार आहे का?"

"नाही."

"मग मी नाही म्हणून काय होणार?"

आपण बरोबर आहोत याची त्याला खात्री होती. तरी ताट तसंच ठेवून तो उठला.

ती कामावर जायला लागली. घरात बाकी सगळ्याबद्दल बोलणं व्हायचं, कामाबद्दल नाही. काही महिन्यांनी ती मनगटावर भाजून घेऊन आली. ठिणगी बाहीत शिरली होती. शिंप्याने कपाटातून मलम काढलं, तिचा हात ओढून घेतला आणि लावायला लागला.

"बाही बांधून घेता येत नाही? एवढंही शिकवलं नाही तुम्हाला?" तो खेकसला.

"तुम्ही कशी बांधायचात?" तिने विचारलं.

मलमाचं झाकण त्याने घट्ट लावलं. मग रुमाल घेऊन, चिडलेल्या चेहऱ्यानेच, त्याने बांधून दाखवली.