तिसऱ्या पट्टीच्या पुढे

विमा कचेरीतल्या त्या कारकुनाला घरीदारी सगळे 'उस्ताद' म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच पसरवलं होतं, त्यामुळे ते जपणंही त्यांच्याच अंगावर होतं.

त्यांच्या इलेक्ट्रिक गिटारचं धड गळक्या टाकीखाली भिजून फुगलं. तारा दाबायचा लांब दांडा, म्हणजे नेक, तेवढा वाचला. तो विकताना उस्तादांनी जाहिरातीत ठोकून दिलं, 'वर्षानुवर्षं स्टेज गाजवलेला'.

घ्यायला आलेल्या वादकाने दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "काका, पहिल्या तीन पार झिजल्यात. पुढच्या मात्र कोऱ्या करकरीत! तिकडे कधी फिरकलाच नाहीत?"

चहा आणणाऱ्या बायकोने कान टवकारले. "म्हणजे इतकी वर्षं हे एकाच कोपऱ्यात खुडबुडत होते?"

उस्तादांना स्वतःचंच हसू आलं. "पुढे रस्ता आहे हे कुणी सांगितलंच नाही गं!"

"मला पुढचंच वाजवायचं असतं," वादक खूश होऊन म्हणाला. "झिजलेल्या तीन बदलून घेईन."

"मग त्या तीन मला परत आणून द्या," उस्ताद म्हणाले. "माझी सगळी कारकीर्द तेवढीच आहे."