मावशी आणि मदरबोर्ड

संगणक दुरुस्त करणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण संगणक दुरुस्त करणाऱ्यांनाच दुरुस्त करणारी बाई मी आजवर एकच पाहिली, आणि ती नेमकी माझ्या बायकोची मावशी निघाली. वाशीमच्या बाजारात असा दुकानदार शोधून सापडणार नाही, जो तिला लांबून येताना पाहून खुर्चीत सावरून बसला नसेल. गंमत अशी की मावशीने स्वतः आयुष्यात एकदाही संगणक चालवलेला नाही. पडद्याला ती टीव्ही म्हणते, खालच्या पेटीला डबा म्हणते, आणि माउसला काहीच म्हणत नाही, नुसतं बोट दाखवते. पण त्या डब्यातली कुठली वस्तू बाजारात कितीला मिळते आणि ती बसवायला कुणी किती घ्यावेत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ. मी तर शेलूबाजारला लग्नपत्रिका आणि बॅनर करून देणारा माणूस. माझं पोटच त्या डब्यावर. तरी माझा डबा बिघडला की मी आधी मिस्त्रीला फोन करायचो नाही, दोन गल्ल्या ओलांडून मावशीच्या दारात उभा राहायचो.

मावशीने सगळी नोकरी मानोरा तालुक्यात नर्स म्हणून काढली. तांड्यातांड्यांवर लसींचा डबा खांद्याला लावून पायी फिरली. निवृत्त होऊन शेलूबाजारला घर बांधलं, तरी लोक तिला अजून सिस्टरच म्हणतात, आणि तिलाही ते आवडतं. तिचा संगणकाच्या बिलांवरचा राग तिथूनच आलेला आहे. उन्हातान्हातून आलेल्या बाईला साधा अशक्तपणा असायचा. तिला जेवण आणि दोन दिवस आराम एवढंच हवं असायचं. पण कुणीतरी दवाखान्याची पाटी लावलेला गडी तिला बाकावर झोपवून सलाइन लावायचा आणि त्यापायी घरातली बकरी विकली जायची. असं मावशीने डोळ्यांनी पाहिलेलं. "जवाईबापू," ती मला म्हणायची, "मानसाले आजार समजला नाई का तो भेतो, अन् भेलेला मानूस भाव करत नाई. डाक्टर असो का कम्पूटरवाला, आधी त्याले रोग इचारा. रोग सांगता येत नसन तं पैसे कायचे?"

म्हणून दुकानात शिरली की ती प्रथम जयभीम घालायची, मग स्वतःची ओळख सांगायची ("मी सिस्टर हाव, रिटायर"), मग न विचारता खुर्ची ओढून बसायची आणि एकेक प्रश्न सुरू करायची. तपासायचे किती घेता? दुरुस्त केलं तर ते पैसे बिलातून वजा होतात का? पार्ट नवा टाकाल की जुना? गॅरंटी किती महिन्यांची, आणि ती तोंडी की कागदावर? दुकानदार तिसऱ्या प्रश्नापर्यंत हसत असायचा. चौथ्याला त्याचं हसू थांबायचं. आणि या सगळ्याच्या आधी घरून निघतानाच तिने माझ्याकडून आणखी दोन दुकानांत फोन करवून भाव काढलेला असायचा. तो भाव ती शेवटपर्यंत सांगायची नाही. तोंडावर एखाद्या गरीब, अडाणी म्हातारीचा भाव आणून ती दुकानदाराला आधी त्याचा आकडा सांगायला लावायची.

तिची दुसरी सवय म्हणजे, बदललेला जुना पार्ट घरी आणायचा. "काढला म्हणता न? मंग द्या." दुकानदार म्हणायचा, बाई, तो खराब आहे, काय करता त्याचं? मावशी म्हणायची, "खराब हाय तं तुमच्या बी काय कामाचा?" मग तो पार्ट कागदात गुंडाळून द्यायचा. एकदा एका दुकानदाराने पार्ट बदलल्याचे पैसे सांगितले, आणि जुना मागितल्यावर तो मागच्या खोलीत गेला तो बराच वेळ बाहेरच येईना. शेवटी आला तेव्हा बिल निम्मं झालेलं होतं. "सापडला नाई वाट्टे," मावशी इतक्या गोडीने म्हणाली की त्या माणसाने आम्हाला चहा पाजला.

तिची तिसरी अट, डबा आपल्यासमोर उघडायचा. आमच्या शेजारी एक बँकेतले गृहस्थ राहतात. ऐन मे महिन्यात त्यांचा संगणक दर पाऊण तासाने आपोआप बंद पडायला लागला. दुकानदाराने प्रोसेसर गेलाय असं सांगून साडेपाच हजार मागितले. गृहस्थ पैसे काढायला निघाले, तेवढ्यात मावशीने त्यांना गाठलं आणि त्यांच्यासोबत दुकानात जाऊन डबा उघडायला लावला. आत पंख्याच्या पात्यांवर एवढा धुरळा बसलेला होता की त्यात हरभरा पेरला असता तर उगवला असता. मावशीने नाकाला पदर लावला. "अवं, त्याचा श्वास कोंडून राह्यला! आधी नाक तं साफ करा." पंखा साफ झाला, प्रोसेसर थंड ठेवणारी थोडी पेस्ट लावली गेली, तीनशे रुपये लागले, आणि तो संगणक त्या उन्हाळ्यात पुन्हा बंद पडला नाही. गृहस्थ बँकेत दिवसभर लाखांचे व्यवहार करतात. पण त्या दिवसापासून ते मावशीला पाहिलं की उभे राहायचे.

कधी कधी मात्र तिच्यातली नर्स तिला फार लांब नेऊन सोडायची. एकदा एक दुकानदार मला अँटीव्हायरस विकत होता. ही लसच समजा, असं त्याने सहज म्हटलं आणि पस्तावला. लस हा मावशीचा हक्काचा प्रांत. "लस? कोन्त्या रोगाची? कितव्या दिवशी द्या लागते? कुठी ठेवता, फ्रिजमंदी?" दुकानदार म्हणाला, दर वर्षी नवीन घ्यावी लागते. "दर वर्साले? एवढे तांडे मी टोचले, दर वर्साले पैसे मागनारी लस नाई पाह्यली." पंधरा मिनिटांनी त्या माणसाने घाम पुसत कबूल केलं की संगणकात एक फुकटची लस आधीपासून असते आणि पत्रिका करणाऱ्या माणसाला तेवढी पुरते. मावशीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच ती इतकी वर्षं लपवून ठेवली होती.

पण मला मावशी खरी कळली ती गेल्याच्या गेल्या वर्षीच्या लग्नसराईत. एका सकाळी माझा संगणक सुरूच होईना. बटण दाबलं तरी दिवा नाही की आवाज नाही. आत नऊ लग्नांच्या पत्रिका अडकलेल्या. त्यातली एक किन्हीराजाच्या एका गृहस्थांच्या मुलीची; पत्रिका दुसऱ्या दिवशी छापून हवी होती, आणि ते सकाळपासून माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. त्यांचं ते पाहणं मला सोसेना. मी डबा दुपट्यात गुंडाळला, मावशीला घेतलं आणि काळी-पिवळीने वाशीम गाठलं. जीपमध्ये जागा नव्हती म्हणून मावशीने डबा मांडीवर घेतला. समोरच्या बाईने विचारलं, किती दिवसांचं आहे? मावशी म्हणाली, "पाच वर्साचं हाय, पन बोलत नाई."

मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानात आम्ही आधी गेलो. तिथल्या माणसाने वायर लावली, बटण दाबलं, आणि मान हलवून सांगितलं, "मदरबोर्ड गेला. साडेआठ हजार. आणि डाटा वाचेल याची खात्री नाही."

 नऊ लग्नं माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मी म्हणालो, "करून टाका."

"थांबा, जवाईबापू." मावशीने खिशाकडे जाणारा माझा हात धरला. "भाऊ, मदरबोर्ड म्हंजे काय?"

"म्हणजे आई समजा. सगळं तिच्यावरच असते."

"बरं. अन् ते गेली, हे कसं समजलं तुमाले?"

"अनुभव आहे ना, मावशी."

"अनुभव मले बी हाय. डबा तं तुमी खोललाच नाई. पेशंटच्या अंगाले हात न लावता आई मेली म्हनून सांगून राह्यले. उचला, जवाईबापू."

खरं सांगतो, त्या क्षणी मला मावशीचा राग आला. घड्याळात बारा वाजले होते, बाहेर डांबर वितळत होतं, आणि मी तो डबा छातीशी धरून तिच्या मागे चालत होतो. मी म्हणालो, "मावशी, हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील, पण माझी अब्रू जाईल." ती मागे न पाहता म्हणाली, "अब्रू संध्याकाळच्या आत वापस आनून देतो. चाला."

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका बोळकांडीत तिने मला नेलं. तिथे पन्नाशीचा एक मिस्त्री बसला होता; पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता संगणक. त्याच्याकडे काच नव्हती, एसी नव्हता, बसायला प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. मावशीचे सगळे प्रश्न त्याने ऐकून घेतले, तपासायचे शंभर सांगितले, आणि डबा आमच्याकडे तोंड करून उघडला. कोपऱ्यातली एक पेटी सोडवून त्याने तिच्या जागी वीज पुरवणारी दुसरी पेटी जोडली आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला. माझ्या पत्रिका, गणपती, बुद्ध, कमळं, सगळं जागच्या जागी. मी डोळे पुसले. घाम होता असं मी बायकोला नंतर सांगितलं.

"पावर सप्लाय गेला फक्त," मिस्त्री म्हणाला. "साडेआठशेचा पार्ट, तीनशे मजुरी. तपासायचे वेगळे देऊ नका."

साडेआठ हजारांचे साडेअकराशे झाले होते. मी आनंदाने पैसे काढले. पण मावशीची गाडी आता उताराला लागली होती. "पार्टचं समजलं. मजुरी तीनशे कायची? पुरते दहा मिनिटं नाई लागले. शंभर घ्या."

मिस्त्रीने स्क्रू पिळता पिळता वर पाहिलं. रागावला नव्हता. "सिस्टर, तुमाले सुई टोचाले किती वेळ लागे?"

"कायचा वेळ? टोचली का झालं."

"मंग सरकार तुमाले तेवढ्याच वेळाचा पगार देत होतं काय?"

  मावशीने पदराने चेहरा पुसला, बाहेर उन्हाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "पायी जा लागे. एका सुईसाठी चार कोस." मग माझ्याकडे वळली. "द्या यायले तीनशे. पुरे द्या." तरी उठताना तिने पक्कं बिल, सहा महिन्यांची गॅरंटी आणि जुना पार्ट घेतलाच. किन्हीराजाच्या गृहस्थांना पत्रिका दुसऱ्या दिवशी मिळाली.  लग्नात मावशीला त्यांनी पहिल्या पंगतीला बसवलं.

त्यानंतर मावशीत एक बदल झाला. पार्टच्या भावावर ती पूर्वीसारखीच भांडायची, पण मजुरीला हात लावायची नाही. उलट दुसरं कुणी मजुरीवरून घासाघीस करायला लागलं तर तीच त्याच्यावर उखडायची. मिस्त्रीच्या मागे लागून तिने भिंतीवर पुठ्ठा लावून घेतला: तपासणी किती, सफाई किती, विंडोज टाकायचे किती, सगळं माझ्याच अक्षरात. मिस्त्री आधी नको म्हणत होता. भाव लिहिला की गिऱ्हाईक पळते, असं त्याचं मत. महिनाभरात त्याला तिसरी खुर्ची घ्यावी लागली.

मागच्या वर्षी गुडघ्यांनी मावशीला हरवलं आणि मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. तिथे म्हणे काही बिघडलं की मोबाइलवर बोट लावायचं, गणवेशातला माणूस दारात येतो, त्याच्याकडे भाव आधीच छापलेला असतो, पैसे मुलाच्या खात्यातून आपोआप जातात. "सारं ठरलेलं हाय इथं," ती पहिल्या फोनवर म्हणाली, "कोनाले काही इचाराच लागत नाई." हे तिने कौतुकाने सांगितलं, पण आवाज कौतुकाचा नव्हता.

आता दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. आधी पाऊसपाणी, मग बायकोची तब्येत, मग सोयाबीनचा भाव. मग ती थोडं थांबते आणि अगदी सहज विचारल्यासारखं करते, "अन् जवाईबापू, मशीन कसं हाय? काही बिघडलं-गिघडलं नाई न?"

परवाच्या रविवारीही तिने विचारलं. माझा संगणक समोर सुरळीत चालू होता. पडद्यावर एका बारशाची पत्रिका अर्धी झालेली होती. मी म्हणालो, "काय सांगू मावशी, सकाळपासून फार हळू चालून राह्यला. दुकानवाला म्हणतो, नवाच घ्या."

"नवा?" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "नवा काहून? त्यानं खोलून पाह्यलं काय? तुमी काही कबूल तं नाई केलं न? आता मी काय सांगतो ते ध्यान देऊन आयका…"

बायको चहा घेऊन आली. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही विचारायला तोंड उघडलं. मी तिला हाताने गप्प राहायची खूण केली आणि फोनचा आवाज वाढवला.