फायर नानांचा खडू

फायर नाना कुणाच्याही घरी गेले की चपला काढून सरळ स्वयंपाकघरात शिरायचे आणि गॅसच्या सिलिंडरपुढे गुडघे टेकायचे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा भाविक दिसतोय. नाना मात्र नळीचा वास घ्यायचे, तिच्यावरची तारीख वाचायचे, रेग्युलेटर हलवून बघायचे आणि मगच म्हणायचे, "हं, आता टाका च्या." लग्न होऊन मी परभणीकडून या गावात आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी हा पांढऱ्या मिशांचा गृहस्थ माझ्या पायाशी वाकलेला बघून मी "अगं बाई!" म्हणत मागे सरले. मला वाटलं, माझ्याच पाया पडताहेत. त्यांनी वरही न बघता विचारलं, "सूनबाई, ही नळी कवाची?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी परवा आले. "म्हंजी तुझ्या आधीची हाय. बदला."

आमचं गाव चाकणजवळ. अर्ध्या शिवारात कंपन्या, उरलेल्या अर्ध्यात कामगारांना भाड्याने दिलेल्या पत्र्याच्या खोल्या, आणि मधे जी काही जागा उरली तिला आम्ही गाव म्हणतो. नानांनी पिंपरीतल्या एका कंपनीच्या फायर विभागात तीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर बाकीच्यांनी खोल्या बांधल्या, टेम्पो घेतले. नानांनी सरपंचांच्या मागे लागून ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर मिळवला, त्याला पंप आणि पाइप जोडला आणि गावाचं अग्निशमन पथक काढलं. कारण शहराकडून बंब यायचा म्हणजे चाकणच्या चौकातल्या गर्दीतून यायचा. तोवर इथली राख थंड होऊन बायकांनी भांडी घासायला नेलेली असायची.

पथक आलं तसा भोंगाही आला. रोज संध्याकाळी देवळातली आरती संपली रे संपली की नाना माइक धरायचे. आमच्या सासूबाईंची मालिका नेमकी तेव्हाच रंगात यायची आणि नानांचा आवाज नायिकेच्या रडण्यावर मात करायचा. "ऐका. खालच्या आळीतल्या दामूअण्णांनी कडब्याची गंजी विजंच्या तारंखाली रचली हाय. त्यांनी गंजी हलवावी, न्हाईतर तारंला सांगून ठिवावं." नाव घेतल्याशिवाय सूचना नाही. माझंही नाव एकदा गावभर झालं, इस्त्री चालू ठेवून शेजारी गप्पा मारत बसले म्हणून. मी आठवडाभर नानांशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नाही, कारण बोलायचं काम तेच करायचे. शेवटी मीच तणतणले, "नाना, चूक सांगा, पण नाव कशाला घेता?" तर म्हणाले, "नाव न्हाई घेतलं तर परत्येकाला वाटतं, शेजाऱ्याचं चाललंय."

आता त्यांच्या थोर चुकीविषयी सांगते. पथकासाठी त्यांनी गावातली बारा दणकट पोरं निवडली. माझा नवराही त्यात होता. दर गुरुवारी सराव. सगळ्या कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, त्यामुळे बाराच्या बारा हजर. पाइप पसरायचा, गुंडाळायचा, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. नाना शिट्टी फुंकायचे आणि आम्ही बायका ओट्यावर बसून फुकटचा तमाशा बघायचो. असं दोन महिने चाललं. मग एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्याच गंजीने पेट घेतला. नाना टँकरपाशी उभे राहून शिट्टी फुंकताहेत, फुंकताहेत, गाल लाल झाले, आणि एकही पोरगा येईना. येणार कुठून? सगळे फर्स्ट शिफ्टला मशिनवर उभे, आणि मोबाइल गेटवर जमा केलेले. तीस वर्षं कंपनीत शिफ्ट केलेल्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये, म्हणजे कमाल झाली.

गंजी विझवली ती बायकांनी, हंडे आणि घमेली घेऊन. विझवली म्हणजे काय, अर्धी वाचली. शेजारच्या शेवंताआक्का साठीच्या, अंगाने चांगल्या भरदार. पदर खोचून नानांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाना, तुमची आग गुरवारची वाट बघत न्हाई. दिसभर गावात आमी असतो. आमाला शिकवा." नानांनी मिशीवरून हात फिरवला. "टँकरचा ट्रॅक्टर कोन हाकनार?" तेवढ्यात आमच्या सासूबाई, ज्यांनी माझं कौतुक त्याआधी कधी केल्याचं मला आठवत नाही, त्या फटकन म्हणाल्या, "आमची सुनंदा हाकती. माहेरी वडलांचा ट्रॅक्टर हिनंच हाकलाय." अशी मी पथकात आले. नानांनी सगळ्यांना नंबर दिले. ते स्वतः एक, मी दोन, शेवंताआक्का तीन. पुरुषांचं पथक त्यांनी मोडलं नाही. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "गुरवारी लागली तर?"

आम्हाला पाण्याचा फवारा मारायची घाई. नाना आधी मोजायला लावायचे. "आग पळून जात न्हाई. आधी मान्सं मोजा." हे ते इतक्यांदा म्हणायचे की आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. एकदा त्यांनी ती ऐकली. हसले नाहीत. टँकरच्या चाकाला टेकून बसले आणि कंपनीतली गोष्ट सांगितली. पेंटच्या विभागात आग लागली होती, नानांनी ती बघता बघता विझवली. साहेबांनी पाठ थोपटली. रजिस्टरातली सगळी नावं हजर निघाली. ठेकेदाराचा एक माणूस आदल्या दिवशीच कामावर लागला होता, त्याचं नाव रजिस्टरात चढलंच नव्हतं. तो संध्याकाळी सापडला. "आग म्या इझवली, सुनंदे," नाना म्हणाले. "मानूस मोजला न्हाई." पुन्हा कधी आम्ही ती नक्कल केली नाही.

म्हणूनच खडू. गावाच्या टोकाला पत्र्याच्या सोळा खोल्यांची एक रांग आहे. एकेका खोलीत दोघं-तिघं, कुणी लातूरचा, कुणी चिपळूणचा. गावातल्या मतदार यादीत ते नाहीत, रेशनमध्ये नाहीत, गावजेवणाच्या आमंत्रणातही नाहीत. रात्रपाळीवाला दिवसा झोपतो आणि त्याचा जोडीदार कामावर जाताना सवयीने बाहेरून कुलूप घालून जातो. नानांनी नाना परीने समजावलं, ती सवय काही सुटली नाही. मग त्यांनी नेम घालून दिला. रोज सकाळी नऊ वाजता पथकातल्या एकीने खडू घेऊन सोळा दारं फिरायची. बाहेर चपला किती, आत पंखा फिरतोय का, ते बघायचं, आणि माणूस आत झोपलेला असेल तर दारावर खडूने गोल काढायचा. भाडेकरू हसायचे. "काका, पोलिओच्या डोसाची खूण करताय का?" नाना म्हणायचे, "झोप तू. आमी मोजतोय."

पुढे एप्रिलमध्ये एका सकाळी खडूची पाळी माझी होती. लग्नसराईचे दिवस, घरी शिवायला नवरीच्या ब्लाउजांचा ढीग पडलेला. पंधरा दारं मी बघितली, तीन गोल काढले. सोळावी खोली जरा लांब, आणि तिच्यातले दोघं आठवडाभर फर्स्ट शिफ्टला जात होते. लांबूनच कुलूप दिसलं. म्हटलं, झालं, आणि माघारी फिरले.

दुपारी खोल्यांच्या मागचं भंगाराचं गोदाम पेटलं. मी टँकर नेऊन लावला, पाइप सोडला. शेवंताआक्कांनी पहारीने गोल काढलेल्या दारांची तिन्ही कुलुपं तोडली आणि लुंग्या सावरत तिघं डोळे चोळत बाहेर आले. मी ओरडले, "तीन गोल, तीन माणसं, पुरं!" धूर सोळाव्या खोलीच्या पत्र्यावर लोळत होता. नानांनी माझ्याकडे बघितलं. "सकाळी सोळा दारं बघितलीस?"

"शेवटचं नाही बघितलं, नाना."

नानांचा गुडघा इतका दुखायचा की देवळाची पाच पायऱ्यांची चढण ते तीनदा थांबून चढायचे. त्यांनी आक्कांच्या हातातून पहार घेतली आणि पळाले. खरंच पळाले. कुलूप तुटलं, नाना आत गेले आणि मी हातातला पाइप त्या दाराकडे धरून देवाचं नाव घेत उभी राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते एका पोरसवदा कामगाराला दंडाला धरून ओढत बाहेर आले. त्याच्या कानात अजून गाणी चालू होती. त्याची एकट्याची शिफ्ट त्याच दिवशी बदलली होती आणि जोडीदार सवयीने कुलूप घालून गेला होता. ते दोघं दहा पावलं आले असतील नसतील, तोच गोदामातली प्लॅस्टिकची पिंपं पेटली आणि सोळावी खोली काळीठिक्कर झाली. "काय झालं काका?" त्याने विचारलं. बोलीवरून माझ्याच माहेरकडचा निघाला. नाना मातीत बसून खोकत होते. "कायबी न्हाई. शिफ्ट बदलली की सांगत जा."

संध्याकाळी आरती झाली आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आज माझं नाव. सासूबाईंनी तर टीव्हीचा आवाजच बंद केला. भोंगा खरखरला. "ऐका. आज सोळाव्या दारावर गोल नव्हता. आत मानूस हुता. ही चूक ज्याची हाय त्याचं नाव, विठ्ठल सखाराम. त्यानं उद्यापास्नं सोळाच्या सोळा दारं बघायची हायत." गावात एकच कुजबुज, हा विठ्ठल सखाराम कोण? सासूबाई म्हणाल्या, "नवा भाडेकरू दिसतोय मेला." पथकाच्या कागदावर सगळ्यांची नावं मीच लिहिली होती, म्हणून मला ठाऊक होतं. ते नानांचं नाव होतं. मी ओट्याला धरून रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. "नाना, नाव माझं घ्यायला हवं होतं." ते गुडघ्याला तेल चोळत होते. "तुला माइक ठावं हाय कुठं असतो ते," एवढंच म्हणाले आणि माझ्या ब्लाउजांची चौकशी करत बसले. मी मनाशी ठरवलं, उद्या सांगेन. मग पुढच्या गुरुवारी. मग दिवाळीनंतर. लाज अशी असते, बसली की उठत नाही. दोन वर्षं गेली. खडूची माझी पाळी मी कधी चुकवली नाही, पण माइकपाशीही कधी गेले नाही.

माघात एका सकाळी नाना चहा पिऊन ओट्यावर बसल्या बसल्या गेले. त्या दिवशी गुरुवार होता. पुरुषांच्या पथकातले बाराच्या बारा हजर राहिले, आणि मला भर दुःखात हसू आलं, की म्हाताऱ्याने अखेर त्यांची सोय बघितलीच. सोळा खोल्यांतले भाडेकरू खांदा द्यायला आले होते. गावजेवणाला न बोलावलेली ती माणसं तिरडी सोडायला तयार नव्हती.

तेराव्याला आरती संपली. भोंगा तेरा दिवस मुका होता. मी देवळाच्या पाच पायऱ्या चढले आणि माइक धरला. "ऐका. त्या आगीच्या दिवशी सोळावं दार मी बघितलं नव्हतं. विठ्ठल सखाराम म्हणजे आपले नाना, आणि चूक त्यांची नव्हती. जिची होती तिचं नाव, सुनंदा. दोन नंबर."

खाली उतरले तर शेवंताआक्का पायरीशी उभ्या. मी म्हटलं, आता काय बोलायचं ते बोला. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं. "आमाला तवाच ठावं हुतं. दोन दिसांत समद्या गावाला ठावं झालं."

"मग दोन वर्षांत कुणी बोललं कसं नाही?"

"नानानं बजावलं हुतं. म्हनाला, तिला कुनी टोचू नका. तिची ती सांगंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी खडू घेतला आणि सोळाव्या दारापासून सुरुवात केली.