सरकत्या जिन्यापाशी काढलेल्या चपला

नोकरीसाठी जळकोटहून लातूरला येऊन मला महिनाच झाला होता. घरातला पहिला पदवीधर मी, पण मॉलमधल्या सरकत्या जिन्याला भिऊन खालीच उभा होतो. शेजारी एक काकू तशाच थबकलेल्या. बोलता बोलता कळलं, लेकीच्या डॉक्टरकीच्या क्लाससाठी त्या दोन वर्षं इथं खोली करून राहिल्या होत्या. दुपारी डबा पोचवला की शहर बघत हिंडायच्या. हा जिनाच तेवढा राहिला होता, आणि उद्या गावी परतायचं होतं.

त्यांनी चपला काढल्या, जिन्याला हात जोडले आणि माझं मनगट धरलं. "चल लेकरा, पडलो तर दोघं पडू!"

वर पोचलो तेव्हा आम्हाला हसू आवरेना.

"लेक डॉक्टर व्हईल तवा व्हईल," त्या म्हणाल्या, "म्या तर समदं लातूर बघून घेतलं!"

मग त्यांचं पायांकडं लक्ष गेलं. "अगं बया, चपला खालीच!"

दुसऱ्या जिन्यानं खाली आलो. त्यांनी चपला घातल्या, वर बघितलं आणि पुन्हा काढल्या.

"काकू, आता कशाला?"

"खाली ठिवल्या की परत यावंच लागतंय न्हवं!"

पुढच्या रविवारी मी आईला गावाहून आणलं. जिन्यापाशी तिला म्हणालो, "चपला इथंच काढ."